दांडियाबाजारातला संचा

वाटणी झाली, दोघा काकांचं बोलणं तुटलं, पण बडोद्याच्या आमच्या वाड्यात आइस्क्रीमचा संचा एकच राहिला. मे महिन्यात तीसेक माणसं जमायची. बर्फात जाडं मीठ घातलं की तो शून्याच्याही खाली उतरतो, तेव्हा कुठे दूध गोठायला लागतं. मग हँडल जड होतं, एकट्याचं काम नव्हे. मोठे काका फिरवायचे, धाकटे संचावर गोणपाट टाकून दाबून बसायचे. तोंडं दोन दिशांना! केसर आंब्याच्या फोडी साखरेत घोळवून आई अगदी शेवटी मिसळायची, वर चिक्कीचा चुरा. फोडी आधी घातल्या तर त्यांचे दगड होतात.

"दादाला विचार गं, अजून किती?" धाकटे मला सांगायचे. दादा हातभर अंतरावर! एका वर्षी मी मुद्दाम गच्चीवर पळाले. खाली बराच वेळ नुसती हँडलची करकर. मग ऐकू आलं, "झालं का, दादा?"

"दहा फेरे अजून. नीट बस."