पाय मागे, हात आपापला



या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी लॉस एंजेलिसजवळ राहणाऱ्या बहिणीकडे गेलो होतो. एका रविवारी तेरा वर्षांचा भाचा म्हणाला, "मामा, चल, तुला डिस्क गोल्फ शिकवतो." इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, एक दिवस आपण विद्यार्थी व्हावं, म्हणून निघालो.

त्याने मला ओक ग्रोव्हच्या मैदानावर नेलं. १९७५ साली एड हेड्रिक यांनी तिथेच या खेळाचं पहिलं कायमस्वरूपी मैदान आखलं. खांबाला लटकणाऱ्या साखळ्या आणि खाली टोपली, ही रचनाही त्यांचीच. फ्रिस्बीपेक्षा लहान चकती कमीत कमी फेकींत त्या टोपलीत पोचवायची, एवढाच खेळ. टोपलीजवळ आल्यावर जी नेमकी फेक करायची, तिला 'पट' म्हणतात.

भाचा 'पुश पट' टाकतो. त्यात मनगट जवळजवळ स्थिर ठेवायचं, गुडघे किंचित वाकवायचे आणि पायांच्या जोरावर हात सरळ टोपलीकडे न्यायचा. चकती फारशी गरगरत नाही, कमानीत तरंगत जाते आणि हुकली तरी टोपलीजवळच पडते. त्याने मला तेच करायला लावलं. माझ्या दहाच्या दहा चकत्या अलीकडेच पडल्या. "मामा, मनगट हलवू नकोस ना!" हे त्याचं पालुपद चालूच. सूर अगदी माझ्या वर्गातला!

शेवटी वैतागलो. लहानपणी मेंढीकोट खेळताना मनगटाच्या झटक्याने पान भिरकवायचो, तशी चकती सोडली. साखळ्या खणखणल्या!

भाचा हसत म्हणाला, "अरे मामा, हा तर स्पिन पट आहे! मग तू तसाच टाक."

या पद्धतीत चकती वेगाने फिरत सपाट जाते, वाऱ्यातही फारशी डगमगत नाही. पण हुकली, तर टोपलीच्या पार मागे जाते. म्हणजे दोन्हीत फायदे, दोन्हीत तोटे.

पुढची चकती आत पडली तेव्हा आनंदात मी एक पाऊल पुढे टाकलं. तो लगेच म्हणाला, "नाही, हे चालत नाही." टोपलीपासून १० मीटरच्या आत असताना, चकती सोडल्यावर आपल्या खुणेच्या मागेच तोल सावरून उभं राहावं लागतं, मगच पुढे जायचं. हा नियम सगळ्यांना सारखा. मनगट हलवावं की नाही, याबद्दल नियम काहीच म्हणत नाही.

घरी परतताना मला माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी आठवली. ८३ मधून ४७ वजा करायचे होते. तिने लिहिलं होतं: ४७ ला ३ दिले की ५०, ५० ला ३३ दिले की ८३, म्हणून ३६. तिची आई भाजी विकते. गाड्यावर सुट्टे पैसे असेच मोजून परत देतात. मी मात्र लाल पेनाने रेघ मारली आणि लिहिलं, "रीत चुकली." हातच्याची वजाबाकी तिच्याकडून पाच वेळा लिहून घेतली. त्यानंतर गणिताच्या तासाला तिचा हात वर आला नाही. मीही ते फार मनावर घेतलं नव्हतं.

शाळा सुरू झाल्यावर तिला बोलावलं आणि ते गणित तिच्या रीतीने फळ्यावर करायला सांगितलं. ती खडू हातात धरून उभीच राहिली. म्हणाली, "गुरुजी, पण ती रीत चुकीची आहे ना?"

काय उत्तर देणार? म्हटलं, "नाही बाळा, चुकलो मी." पोरं माझ्याकडे बघतच राहिली.

मग तिने करून दाखवलं, हळूहळू, अडखळत. प्रत्येक पायरीला मी विचारलं, "हे का केलंस?" तिने नीट सांगितलं. मला वाटतं, आपल्या वर्गातला तोल सावरण्याचा नियम हाच: केलं ते का केलं, हे सांगता आलं पाहिजे. तो सर्वांना सारखाच लावावा.

याचा अर्थ हातच्याची रीत शिकवायची नाही, असा नाही. मोठमोठ्या संख्या आल्या की तीच रीत सोयीची पडते. भाचाही वारा सुटला की स्पिन पट टाकून बघतो. पण आधी त्याचा स्वतःचा हात बसला, मग दुसरी पद्धत आली.

त्या मुलीचा हात अजून रोज वर येत नाही. गेल्या आठवड्यात दोनदा आला. मी वाट बघतोय.

तुमच्याही एखाद्या वहीत बरोबर उत्तरावर अशी लाल रेघ असेल. एकदा वह्या काढून बघाल का?