पोरीचा रिपोर्ट आणि दुपारचं ऊन

नाशिक

ती. ताईस,


रिपोर्टचे फोटो मिळाले. ‘ड जीवनसत्त्व भरून निघालं की साखर आपोआप खाली येईल ना?’ असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा मी ‘बघू’ म्हणालो, कारण दाजी कामावर निघाले होते आणि मागे मशिनचा आवाज चालू होता. आता नीट लिहितो. दाजींची रात्रपाळी संपली की त्यांनाही वाचून दाखव.

पोरीचं ड जीवनसत्त्व 9 आलंय. 12च्या खाली आलं की आम्ही मुलांचे डॉक्टर त्याला कमतरता म्हणतो. उपाशीपोटी साखर 106 आणि तीन महिन्यांची सरासरी 5.9. हा मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर ती उभी आहे. तिच्याच नशिबी हे आलं असं समजून रडू नकोस. 2016 ते 2018 मध्ये देशभर मुलांच्या पोषणाचं मोठं सरकारी सर्वेक्षण झालं. त्यात 10 ते 19 वयाच्या मुलामुलींत शंभरातल्या 24 जणांना ड जीवनसत्त्वाची कमतरता निघाली आणि सुमारे 10 जण साखरेच्या याच उंबरठ्यावर होते.

एक गोष्ट आधी सांगतो. तिची मान काळी पडलीय म्हणून तू बेसन-दही लावून घासतेस, ते आजपासून बंद कर. तो मळ नाही. रक्तात इन्सुलिन फार वाढलं की मानेवर, काखेत कातडी अशी जाड, काळपट होते. घासून पोरीला नुसता त्रास होतो, वर चारचौघींत मान झाकून बसायची सवय लागते. साखर आणि वजन ताब्यात आलं की तो काळेपणा हळूहळू कमी होतो.

आता तुझा प्रश्न. ड जीवनसत्त्व कमी असलेल्या मुलांत पोटाची चरबी आणि साखर जास्त दिसते, हे खरं आहे. पण कशामुळे काय होतं हे शोधायला बरीच वर्षं लागली. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, म्हणून अंगात चरबी वाढली की ते तिथे अडकतं आणि रक्तात कमी उतरतं. 2013 साली हजारो लोकांचे जनुक तपासून निघालेला निष्कर्ष असा, की वजन वाढल्याने ड उतरतं, पण ड उतरल्याने वजन वाढतं असा पुरावा मिळत नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 2423 मोठ्या माणसांना रोज 4000 युनिट ड किंवा खोटी गोळी देऊन पाहिली. 2019 मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत ठाम म्हणावा असा फरक नव्हता. पुढे अशा तीन चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा मधुमेहाचा धोका साधारण 15 टक्क्यांनी कमी दिसला. चेन्नईला मात्र नुसतं चालणं आणि खाणं सुधारून तो तीन वर्षांत 28.5 टक्क्यांनी कमी झाला होता. ही सगळी मोठी माणसं होती. वाढत्या वयातल्या मुलांवर इतका भक्कम पुरावा नाही, आणि असलेल्या पुराव्यावरून मी तुला गोळीने साखर उतरेल असा शब्द देणार नाही.

तरी गोळी द्यायचीच. हाडांत कॅल्शियम भरायचं हेच वय आहे, पुन्हा येत नाही. डॉक्टरांनी 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे लिहून दिलीय, तेवढीच द्यायची. बरं वाटलं म्हणून मेडिकलवरून परत परत आणू नकोस, जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते.

आता इथली, नाशिकची एक जुनी गोष्ट. 1922 साली इंग्लंडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांचा लेख आला होता, मुडदूस या रोगावर. त्यांनी नाशिकची घरं पाहिली. खात्यापित्या घरांत, जिथे बायका पडद्यात आणि तान्ही मुलं माजघरात, तिथे वाकलेली हाडं. आणि शेतावर राबणाऱ्या, ज्यांच्या ताटात दूधतूप अपवादानेच पडायचं, त्यांच्या मुलांची हाडं सरळ. मोकळी हवा, ऊन आणि हालचाल यांचा अभाव हे मुख्य कारण, असं त्यांनी मांडलं. जुन्या गावठाणातून जाताना मला हा लेख नेहमी आठवतो, आणि ताई, आता त्यासोबत सुरतेतलं, लिंबायतचं तुझं घर आठवतं. तेव्हा उन्हापासून तुटलेले होते ते पैसेवाले. आज आपली माणसं खानदेशातली शेतं सोडून सुरतेला गेली आणि तीच कोंडी आपल्या वाट्याला आली. समोरासमोर चढत गेलेल्या दोन-तीन मजली खोल्या, गल्लीत मोटारसायकल जेमतेम निघेल एवढी जागा, खिडकीला पडदा. पोरगी सकाळी शाळेत, मग ट्यूशन, मग तुझ्यासोबत साड्यांचं धागा कटिंग आणि टिक्की लावणं. ऊन तिच्या अंगाला कुठे लागतं सांग.

भाचा मात्र नीलगिरी मैदानावर क्रिकेट खेळून काळाठिक्कर होऊन येतो. त्याची तपासणी तुम्ही केली नाही, पण त्याची मला फारशी काळजीही नाही. पाळी सुरू झाल्यापासून पोरीचं बाहेर खेळणं बंद झालं, हे तूच मला सांगितलं होतंस. गल्लीतलं वातावरण, येणारेजाणारे, लोकांची तोंडं, सगळं मला कळतं. तरी मला हे मान्य नाही. शंभर वर्षांपूर्वी पडद्याने जे केलं तेच यातून होतंय. फक्त हाडांबरोबर आता साखरही आली.

‘पण ती तर बारीक आहे,’ असं दाजी म्हणाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी बारीक दिसणाऱ्यांची साखर का वाढते हे कोडं आयुष्यभर अभ्यासलं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची. आपली बाळं इतकी हलकी, पण चरबी जवळजवळ तेवढीच. कमी होता तो स्नायू. जेवणानंतरची साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच उचलतात. म्हणून हातपाय काडीसारखे आणि पोट सुटलेलं, अशा पोरीचा वजनकाटा आपल्याला फसवतो. कमरेला टेप लाव आणि आकडा लिहून ठेव.

करायचं काय ते सांगतो. घरमालकाची गच्ची उत्तरायणाला उघडते, मग एरवी का नाही? दाजींनी जाऊन बोलावं. शेजारच्या पोरींनाही घे, चारपाच जणी असल्या की कुणाची जीभ वळवळत नाही. ड बनवणारा किरण काचेतून येत नाही आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात फारच थोडा असतो. सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी पडते तेव्हाचं ऊन कामाचं. सुरतेत सूर्य साडेबारा-पाऊणला माथ्यावर येतो, आणि डिसेंबरात तर भर दुपारीही सावली जवळजवळ आपल्याएवढीच असते. म्हणून थंडीत दुपारचा अर्धा तास, हात-पाय-तोंड उघडं. उन्हाळ्यात वेळ अलीकडे आणायची, अंग तापेपर्यंत थांबायचं नाही. आणि तिथे नुसतं बसायचं नाही. दोरीवरच्या उड्या, लंगडी, गरबा, तिला आवडेल ते, घाम येईपर्यंत.

खाण्यात दुपारची पाकिटं आणि ठंडा बंद. आपली कळण्याची भाकरी सुरू कर, सोबत ताक, तीळ, मधूनमधून नागली. अंडं दाजींना चालतं, तर पोरीला का नको? बी-12 तपासलेलं दिसत नाही, तेही करून घे. पाळी दोन-दोन महिने चुकते असं ती मामीला म्हणाली. ते डॉक्टरांना सांगायला लाजू नका, त्याचा या साखरेशी संबंध असू शकतो. स्मीमेर रुग्णालयाच्या ओपीडीत जायचं तर सकाळी लवकर जा आणि हे सगळे कागद एका पिशवीत ने.

तीन महिन्यांनी साखर आणि कंबर परत मोजायची. ड पुन्हा कधी तपासायचं ते तिथले डॉक्टर सांगतील. दहावीचं वर्ष आहे, अभ्यास बुडेल असं म्हणू नकोस, अर्धा तास तिला मिळालाच पाहिजे. दाजी घरमालकाशी काय बोलले ते मला रविवारी फोन करून सांग. नाहीतर पुढच्या आठवड्यात मीच येतो आणि बोलतो.

तुझा,
भाऊ