लढाईच्या देखाव्यांत कोण व्हावें ?

लढाईचें सोंग आणावयाचें म्हटलें कीं तलवार सर्वांसच हवी असते. नांगर कोणासच नको असतो. छत्रपति संभाजीनगरांतील आमच्या नातवाच्या शाळेनें यंदा संमेलनासाठीं असईच्या लढाईचा देखावा घेतला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेशीं जनरल वेलस्लीची गांठ पडली, तेंच हें असई. पूर्वीं तें औरंगाबाद जिल्ह्यांत होतें. १९८१ पासून जालन्यांत मोडतें. शिपाई पुष्कळ जमले. बिनहत्यारी माणूस कोण होतो, असें गुरुजींनीं विचारलें व आमच्या नातवाकडे बोट केलें.

घरांत खल झाला. चिरंजीव म्हणाले, "मुहूर्त सांगणारा जोशी होऊं द्या, सोंवळें घरांतच आहे." सूनबाईंस दप्तर लिहिणारा कारकून पसंत पडला.

आम्हीं सुचविलें, केळनाकांठचा कुणबी हो. कारण असें. नदीस जवळ उतार नाहीं, असें वाटाडे वेलस्लीस सांगत होते. परंतु दोन तीरांवर समोरासमोर वसलेलीं दोन गांवें त्याच्या दृष्टीस पडलीं. त्यांतलें एक पिंपळगांव. इतक्या शेजारच्या गांवांत येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असें त्यानें ताडलें आणि तें खरें ठरलें. त्या उतारानें सैन्य केळना व जुई या नद्यांमधील मुलखांत शिरलें. त्याचीं दीड हजारांहून अधिक माणसें त्या दिवशीं मेलीं वा घायाळ झालीं. पण शिंद्यांच्या तोफा त्याच्या हातीं लागल्या.

ती वाट कोणा सेनापतीनें पाडिली नव्हती. बाजारास जाणारे बैल, माहेरास निघालेल्या लेकी, यांच्या पायांनीं ती पडली होती. लढाईचा निकाल ज्यांच्या नित्याच्या वाटेवरून फिरला, त्यांस कोणीं विचारलेंहि नाहीं.

"आपल्या मुलानें घोंगडी पांघरून उभें राहावयाचें ?" सूनबाईंनीं विचारलें. आम्ही म्हणालों, "ज्याचें धान्य आपण दोन वेळां खातों, त्याचें सोंग घेण्यांत कमीपणा कसला ? मात्र थट्टा होतां कामा नये. आधीं आठ दिवस कोणा शेतकऱ्याकडे जाऊन बैल कसे हांकतात तें शिकूं द्या."

नातवानें अद्याप होकार दिलेला नाहीं. परंतु काल जेवतांना त्यानें विचारलें, "आजोबा, तोफा सुरू झाल्या तेव्हां त्यानें बैल कोठें नेले असतील ?"

हातांत तलवार असती, तर हा प्रश्न त्यास खचित सुचला नसता.