सोळानंतर किती?

१, २, ४, ८, १६. पुढचा आकडा सांगा!

कारकुनी परीक्षांमध्ये या जातीचा प्रश्न हमखास असतो आणि त्याचं उत्तर शेंबडं पोरही देईल: ३२. चुकून एखाद्यानं ३१ लिहिलं तर त्याचा गुण जातो आणि वर दंड म्हणून पाव गुण कापला जातो तो वेगळाच. माझं म्हणणं एवढंच, की त्या एकतीसवाल्याला गुण कापण्यापूर्वी अर्धा कप चहा पाजून विचारावं, "बाबा रे, तू मोजत काय होतास?"

समजा, तो भाकरीचे तुकडे मोजत असेल. भोगीची बाजरीची भाकरी घ्या आणि तिच्या काठावर एक तीळ लावा. कापायला दुसरा तीळ नाही, म्हणजे भाकरी अखंड, तुकडा १. दोन तीळ लावून या तिळापासून त्या तिळापर्यंत सरळ सुरी फिरवा, तुकडे २. तीन तीळ लावून प्रत्येकापासून प्रत्येकापर्यंत कापा; ४. चार तिळांचे ८, पाच तिळांचे १६. इथवर सगळं कसं शिस्तीत! सहावा तीळ लावला की तुकडे भरतात ३१. बत्तिसावा पाटाखाली शोधू नका, तो नाहीच. आणि एखाद्या टापटिपीच्या गृहिणीनं सहाही तीळ अगदी सारख्या अंतरावर लावले, तर मधले तीन काप एकाच बिंदूत भेटतात आणि आणखी एक तुकडा बुडतो: ३०. आता बोला!

या तुकड्यांचं सूत्र आहे. तिळांच्या संख्येचा चौथा घात घ्या, त्यातून घनाची सहापट वजा करा, वर्गाची तेवीसपट मिळवा, संख्येची अठरापट वजा करा, चोवीस मिळवा आणि सगळ्याला चोविसांनी भागा. अशा रचनेला बहुपदी म्हणतात. भागाकार दिसला की माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाच्या छातीत धस्स होतं, कारण आता खाली पैसे उरणार. पण तीळ किती का असेनात, चोविसांनी भागून एक पैसा उरत नाही! का, ते सूत्र सांगत नाही. सूत्र म्हणजे नॅरेशन नसलेली लेजरमधली एंट्री. रक्कम आहे, पण कशापोटी, ते नाही.

म्हणून व्हाउचर काढून पाहावं. सुरुवातीला भाकरी १. प्रत्येक काप एक तुकडा वाढवतो आणि जुन्या कापाला जिथे जिथे छेदतो तिथे आणखी एकेक वाढवतो. सहा तिळांमध्ये काप १५. कोणतेही चार तीळ घ्या, त्यांच्यामुळे एकच छेद मिळतो. असे छेदही १५. एक अधिक पंधरा अधिक पंधरा, एकतीस. हिशोब चोख! तुकडे मोजताना पाव तुकडा येणार कुठून? चोविसांनी भाग का जातो, याचं उत्तर भाकरीत आहे.

ते १५ काप म्हणजे सहा माणसांनी एकमेकांशी हात मिळवणंच. सहा गुणिले पाच भागिले दोन, कारण मी तुमचा हात हातात घेतला की तुम्हीही माझा घेतलाच. आहेराचं तसं नाही. तिथे परतीचा आहेर स्वतंत्र नोंदवतात, म्हणून दोनानं भागायची सोय नाही: सरळ ३०. सूत्रात एवढासा फरक, पण कपाटातल्या ब्लाउजपिसांना विचारा.

हे व्हाउचर आपल्याकडे फार जुनं आहे. आर्यभटानं ४९९ साली त्रिकोणी राशीचं सूत्र दिलं: थर, थर अधिक एक, थर अधिक दोन, यांचा गुणाकार भागिले सहा. लाडवांची चार थरांची रास रचा: १०, ६, ३, १, एकूण २०. सहांनी भागून लाडू कधी फुटत नाही! भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त विचारलं, की सहा रसांतून एका वेळी तीन घेतले तर किती प्रकार? तेही २०. रक्कम एकच, व्हाउचरं दोन, आणि दोन्ही खरी.

व्हाउचर नसेल तर काय होतं? ऑयलरनं १७७२ साली एक सूत्र दाखवलं: संख्येच्या वर्गातून तीच संख्या वजा करून ४१ मिळवा. एकपासून चाळीसपर्यंत प्रत्येक उत्तर मूळ संख्या! चाळीस वर्षं निष्कलंक नोकरी, आणि एक्केचाळिसाव्याला १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. बरं, १, २, ४, ८, १६ नंतर तुमच्या वाण्याचं बिल लिहा. त्यालाही चपखल बसणारी बहुपदी काढता येते. हे आमच्या सस्पेन्स खात्यासारखं झालं. फरक तिथे टाकला की बेरीज जुळते, आणि ऑडिटर येईपर्यंत सगळे सुखी.

नील स्लोन नावाच्या गणितज्ञानं १९७३ साली अशा २३७२ अनुक्रमांचं पुस्तक काढलं. आज तो संग्रह संगणकावर साडेतीन लाखांच्या पुढे गेला आहे. प्रत्येकाला खाते क्रमांक. आमच्या भाकरीचा ए०००१२७. आणि काय मोजलं, त्याचं नॅरेशनही शेजारी! परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र नॅरेशनला जागा नसते. गोल काळा करायचा आणि नशिबाची वाट पाहायची. ज्यानं नुसते आकडे पाहिले तो पास, ज्यानं भाकरी कापली तो नापास.

आणि गंमत पाहा. सात तिळांचे ५७, आठांचे ९९, नवांचे १६३, असं सगळं बिनसत जातं आणि दहा तिळांचे तुकडे होतात नेमके २५६, पुन्हा दुपटीच्या घराण्यातला आकडा! ऑडिटर नेमकं तेवढंच पान उघडतो, मान डोलावतो आणि सही करून चहाला जातो.