बाराबंदी आणि बोहारीण

माणसाला एखादा छंद असावा, असे शाळेतल्या निबंधापासून निवृत्तीच्या निरोप समारंभापर्यंत सगळेच सांगतात. तो किती असावा, हे मात्र कोणी सांगत नाही. बँकेत खात्यावर किमान शिल्लक किती हवी ते छापलेले असते; तशी छंदाची कमाल मर्यादाही कोणीतरी छापायला हवी होती. तिकिटे जमवणाऱ्याचा छंद एका वहीत मावतो, नाणी जमवणाऱ्याचा एका डब्यात. जुन्या काळचे पोशाख शिवणाऱ्या आणि जमवणाऱ्याला पहिल्या वर्षी एक ट्रंक लागते, दुसऱ्या वर्षी दिवाण लागतो, आणि तिसऱ्या वर्षी बायको आपले कपडे दोरीवरून थेट अंगावर चढवू लागते, कारण मधे कपाट असे उरलेलेच नसते.

मी सध्या सातव्या वर्षात आहे.

सुरुवात बँकेच्या स्नेहसंमेलनातून झाली. नाटक ऐतिहासिक होते आणि मला तिसऱ्या मावळ्याचे काम होते. पहिला मावळा बातमी आणतो, दुसरा 'जी महाराज' म्हणतो आणि तिसरा मशाल धरतो. ड्रेपरीवाल्याकडून पोशाख आले. माझ्या अंगरख्याला पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चेन होती, आणि कापड टेरिलीनचे होते. आता मी पडलो बी. कॉम. आकडे जुळले नाहीत की मला जेवण जात नाही. आजच्या घाटाची चेन गिडियन सुंडबॅक नावाच्या इंजिनिअरने १९१३ साली तयार केली. टेरिलीनचा धागा इंग्लंडात १९४१ साली निघाला. महाराजांचा राज्याभिषेक १६७४चा. म्हणजे चेनमध्ये २३९ वर्षांचा फरक आणि कापडात २६७ वर्षांचा! आमच्याकडे संध्याकाळी कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. इथे दोन शतकांहून जास्त फरक पाठीवर घेऊन मी मशाल धरून उभा होतो, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत होते.

त्याच आठवड्यात मांजरपाट आणला आणि बाराबंदी बेतायला घेतली. शिवणयंत्र वापरायचे नाही, असे ठरवले. सिंगरचे पेटंट १८५१चे आणि पेशवाई बुडाली १८१८ला. म्हणजे शनिवारवाड्यात वावरलेल्या एकूण एक माणसाच्या अंगावरचा एकूण एक टाका हातचा! बाराबंदीचा पसारा फार नाही. पण तिचे बंद जीव काढतात. अरुंद पट्टी कापायची, दुमडून शिवायची, मग सुईच्या टोकाने आतली बाजू बाहेर काढायची. असे बारा वेळा. मी लोकलमध्ये बंद उलटवत बसे. शेजारच्या गृहस्थांनी मोबाईलमधून डोके वर काढून विचारले, "बायको काही म्हणत नाही?" दोन स्टेशनांनंतर त्यांनीच विचारले, "हा टाका कसा घातलात हो?" हे व्यसन लागते ते असे.

शिवणानंतर रंग आला. बाजारातली पुडी चालणार नव्हती. विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा १८५६ साली लंडनला हिवतापावरचे क्विनीन बनवायला निघाला आणि त्याच्या हाती आला जांभळा रंग. तिथून रासायनिक रंगांचा कारखाना सुरू झाला. त्याआधीचे बहुतेक रंग नीळ, हळद, मंजिष्ठा असल्या झाडपाल्याचे. मी कापड तुरटीच्या पाण्यात भिजवले, मंजिष्ठाची मुळे उकळली आणि त्यात कापड सोडले. रंग झकास आला. कापडालाही आला आणि पातेल्यालाही आला. सौ. म्हणाली, "अहो, हे पातेलं आता कुणाच्या राज्याभिषेकाला वापरायचं?"

छंद वाढला तसा वाचनात घुसलो. डॉ. घुर्ये यांचा १९५१चा भारतीय वेशभूषेवरचा जाडजूड ग्रंथ मी बँकेच्या परीक्षेच्या पुस्तकांपेक्षा जास्त मन लावून वाचला आहे. संग्रहालये पालथी घातली. मुघल काळच्या चित्रांत जाम्याची गाठ उजव्या बगलेखाली असली तर माणूस बहुधा मुसलमान आणि डाव्या बगलेखाली असली तर हिंदू, असा संकेत आहे. हे कळल्यापासून माझी चित्रे बघण्याची तऱ्हाच बदलली. चार माणसे बादशहांच्या मुखावरचे तेज बघतात, मी त्यांच्या बगलेत बघतो. काचेला नाक लावून एकाच चित्रापुढे पाऊण तास उभा राहिलो की पहारेकरी हळूहळू जवळ येऊ लागतो. चोर इतका वेळ घेत नाहीत, हे त्याला कोणी सांगावे!

आता हिशेबाची बाजू. अखेरच्या साठ्याचे मूल्य 'मूळ किंमत किंवा बाजारभाव, यांपैकी कमी असेल ते' धरावे, असे कॉलेजात शिकलो होतो. आमच्या साठ्यात आज सात बाराबंद्या, चार अंगरखे, दोन चोळणे, पाच पागोटी, तीन इरकली लुगडी आणि चोळीचे अठरा खण आहेत. मूळ किंमत मी घरात उच्चारत नाही. बाजारभाव सौ.ने काढून ठेवला आहे. "सगळ्याचं मिळून एक गाळणं येईल. मोठं नाही, चहाचं."

हा बाजारभाव ठरवते बोहारीण. या छंदाचा खरा शत्रू म्हणजे कसर किंवा ओल, असे पुस्तकात लिहितात. ते खोटे आहे. महाराष्ट्राच्या वस्त्रांचा निम्माअधिक इतिहास दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, पुरुष कामावर असताना, स्टीलच्या भांड्यांच्या बदल्यात दारातून निघून गेला आहे. आमच्या आजीची अंजिरी नऊवारी आणि आजोबांचा गळाबंद कोट याच वाटेने गेले. त्यांच्या बदल्यात आलेला डबा अजून घरात आहे. त्यात साबुदाणा असतो. मी हळहळलो की आई डब्यावर टिचकी मारून म्हणते, "बघ, अजून पत्रा कसा जाड आहे." ती नऊवारी नेसून आजी कशी दिसायची ते मला आता नीट आठवत नाही. डबा मात्र रोज दिसतो.

थट्टा बाजूला ठेवून सांगतो, माझी खरी खंत इथे आहे. राजाचा अंगरखा काचेच्या कपाटात राहतो. तिसऱ्या मावळ्याची बाराबंदी मी कुठल्याही संग्रहालयात पाहिलेली नाही. ती राहणार कशी? गरिबाचे कापड कधी निवृत्त होत नाही. लुगडे विरले की त्याचे झबले होते, झबल्याचा तुकडा वाकळीत जातो, वाकळ फाटली की तिचे पोतेरे होते आणि पोतेऱ्याची शेवटी चूल पेटते. पुण्याच्या पेशवे दप्तरात कारकुनांनी लिहिलेल्या मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. आमच्याच जातकुळीची ती माणसे! त्यांचे अक्षर आज वाचता येते. पण लिहिता लिहिता त्यांची बाही कोपरावर कुठे झिजली, ते बघायला मिळत नाही.

असे वाटणारा मी पहिला नव्हे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी जन्मभर अडकित्ते, दिवे, फण्या असल्या घरगुती वस्तू गोळा केल्या, आपल्या गेलेल्या लहानग्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो सरकारच्या स्वाधीन केला. आणि कोल्हापूरच्या भानू अथैया यांना १९८३ साली वेशभूषेचे ऑस्कर मिळाले ते कशासाठी? जरीच्या शेल्यासाठी नव्हे. 'गांधी' चित्रपटातल्या पंचासाठी, खादीसाठी आणि हजारो साध्या माणसांच्या साध्या कपड्यांसाठी. पुढे २०१२ साली बाईंनी ती बाहुली नीट जपली जावी म्हणून अकादमीकडेच परत पाठवली. जपण्याची काळजी ही अशी असते.

तेव्हा मी शत्रूशी तह केला. आमच्या भागात अजून एक बोहारीण येते. तिला एका शनिवारी गाठले आणि म्हटले, "मावशी, जुनं लुगडं, चोळी, कोट काही आलं तर आधी मला दाखवत जा. फाटकं असलं तरी चालेल."

"फाटकं कशाला साहेब? चांगलं घ्या की." तिने माझ्याकडे नीट बघितले. "बाईंना विचारलंत का?"

व्यवहार तिच्या चलनात ठरला. ती लुगडे देणार, मी भांडे देणार. तीस-चाळीस वर्षांत जी भांडी घरात आली, ती आता उलट्या दिशेने निघाली. पहिल्या महिन्यात दोन वाट्या गेल्या, दुसऱ्यात एक तांब्या. सौ.ने स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकली आणि तिथे बसून ती भाजी निवडू लागली.

गेल्या महिन्यात मावशींनी एक विटके, सुती, हिरवे लुगडे आणले. काठाजवळ मोठे ठिगळ होते, दुसऱ्याच हिरव्याचे. मी भांडे शोधायला आत गेलो. बाहेर आलो तर लुगडे सौ.च्या मांडीवर होते आणि ती त्या ठिगळावरून बोट फिरवत होती. टाके बारीक, एकसारखे, चारही कोपऱ्यांवर दुहेरी.

"माझी आई असंच लावायची," ती म्हणाली. "कोपऱ्याला दोनदा. नाहीतर तिथूनच उसवतं."

सासूबाईंना जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांचे एकही लुगडे आमच्याकडे नाही.

मग सौ. उठली, आत गेली आणि साबुदाण्याचा डबा रिकामा करून मावशींच्या पुढ्यात ठेवला. मावशींनी त्यावर टिचकी मारली आणि पत्रा जाड असल्याचे मान्य केले. लुगडे मी माळ्यावर ठेवायला निघालो, तर सौ.ने ते माझ्या हातातून काढून घेतले.

"माळ्यावर नको. कपाटात माझ्या कप्प्यात राहू दे. आणि त्या डांबरगोळ्या घालू नका हं, वास जात नाही मग. कडुनिंबाचा पाला आणा."