चोवीस तासांची शर्यत आणि आपली पोरं

मोटारींच्या शर्यतीबद्दल या पानांवर काय लिहायचं, असं तुम्हाला वाटेल. लोणच्याचा खार, पावसाळ्यात कपडे वाळवायच्या युक्त्या, सासरची माणसं, हे आपले विषय. पण मैत्रिणींनो, ज्यांच्या घरात अठरा-वीस वर्षांचा मुलगा आहे आणि दाराशी मोटारसायकल आहे, त्यांनी हे वाचाच.

आम्ही बदलापूरला राहतो. रविवारी पहाटे बारवी धरणाच्या बाजूला पोरांच्या मोटारसायकली निघतात, आणि रात्री काटईच्या रस्त्यावर कोण किती सुसाट आलं याच्या फुशारक्या जिन्यात ऐकू येतात. आमचा धाकटा त्यातलाच. शेजारच्या इमारतीतला एक मुलगा मागच्या पावसाळ्यात घसरला. पायात सळई घातली, कॉलेजचं वर्ष बुडालं. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं. त्यानंतर सगळ्या घरांतून जी बोलणी झाली ती आमच्याही घरात झाली. अशा बोलण्यांचा किती उपयोग होतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मग एक दिवस मी त्याच्या भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवून विचारलं, "ही कुठली रे शर्यत?"

"आई, तुला काय कळणार त्यातलं?" म्हणाला. पण सांगायला बसला तो तासभर उठला नाही. पुढचं मी स्वतः वाचून काढलं. आणि खरं सांगते, वाचता वाचता मला हवी ती सगळी हत्यारं सापडली!

फ्रान्समध्ये ल मां नावाचं शहर आहे. तिथे १९२३ पासून दरवर्षी जूनच्या सुमारास ही शर्यत होते. मध्ये महायुद्धामुळे काही वर्षं पडली. आपल्याकडे शर्यत म्हटली की बैलगाडीची, धुरळा खाली बसायच्या आत संपणारी. ही मात्र चोवीस तास चालते. दिवस, रात्र, पाऊस, धुकं, काही असो. चोवीस तासांत जी गाडी जास्तीत जास्त अंतर कापेल ती पहिली. म्हणजे नुसता वेग असून भागत नाही, गाडी टिकली पाहिजे आणि माणूसही.

एक फेरी साडेतेरा किलोमीटरच्या थोडी वर. कल्याणला लोकलमध्ये बसा आणि विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करत बदलापूरला उतरा, साधारण तेवढंच अंतर. आपली लोकल त्याला वीसेक मिनिटं घेते (सिग्नलला थांबली नाही तर!). त्या गाड्या साडेतीन मिनिटांत फेरी मारतात. २०१० साली जिंकलेल्या गाडीने अशा ३९७ फेऱ्या मारल्या, ५,४१० किलोमीटर.

आता गंमत ऐका. त्या वाटेचा बराचसा भाग एरवी साधा रहदारीचा रस्ता आहे. आपल्या कल्याण-बदलापूर रस्त्यासारखे ट्रक, मोटारी, सायकली तिथून जातात. शर्यतीपुरता तो बंद करतात, कडेला कठडे, ठिकठिकाणी निशाणवाले, डॉक्टर, आग विझवणारी माणसं. तिथे म्युल्सान नावाचा जवळजवळ सहा किलोमीटरचा सरळसोट पट्टा होता. १९८८ साली एका गाडीने तिथे ताशी ४०५ किलोमीटरचा वेग गाठला. मग काय केलं असेल? वेग कमी व्हावा म्हणून १९९० मध्ये त्या सरळ रस्त्यात मुद्दाम दोन ठिकाणी वळणं घातली. जगातल्या सगळ्यांत वेगवान पोरांच्या वाटेत गतिरोधकच म्हणा ना! हे मी धाकट्याला ऐकवलं तेव्हा तो नुसता हसला, पण वाद घातला नाही.

दुसरं, एकटा कोणी गाडी चालवत नाही. एका गाडीला आता तीन चालक असतात. कुठल्याही सहा तासांत कोणी चार तासांहून जास्त चालवायचं नाही आणि सगळे मिळून चौदा तासांच्या वर नाही, असा नियमच आहे. आमच्याकडे मात्र रात्रपाळी करून आलेली मुलं तशीच झोपाळलेल्या डोळ्यांनी माळशेजला निघतात.

आणि ब्रेक! १९५३ साली तिथे जॅग्वारची गाडी जिंकली. तिला चकतीचे ब्रेक होते, ज्याला मुलं डिस्क ब्रेक म्हणतात. इतरांपेक्षा तिला उशिरा आणि खात्रीने थांबता येत होतं, त्याचा तिला मोठा फायदा झाला. तुमच्या दाराशी उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला भोकं पाडलेली चकती असेल तर बघा, ती त्याच जातीची.

आता जरा मन घट्ट करून वाचा. ११ जून १९५५ ला याच शर्यतीत एक मर्सिडीज गाडी दुसरीवर आदळून उडाली आणि प्रेक्षकांत घुसली. चालक गेला आणि ऐंशीहून अधिक बघे गेले. शर्यत पाहायला आलेली माणसं, घरी कोणी जेवायला थांबलेलं असेल. शर्यत थांबवली नाही. थांबवली तर परतणाऱ्या गर्दीत रुग्णवाहिका अडकतील, असं कारण दिलं गेलं. मला ते अजून पटत नाही. मर्सिडीजवाल्यांनी रात्री आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या, त्यांची एक गाडी तेव्हा आघाडीवर होती तरीसुद्धा. स्वित्झर्लंडने तर अशा शर्यतींवर बंदीच घातली, ती कित्येक दशकं टिकली.

पण माझ्या मुलाला जी गोष्ट लागली ती १९६९ ची. तेव्हा सुरुवात अशी व्हायची की चालक रस्त्याच्या एका बाजूला आणि गाड्या दुसऱ्या बाजूला. निशाण पडलं की धावत जायचं, उडी मारून बसायचं आणि सुटायचं. त्या घाईत पट्टा कोण नीट बांधतो? त्या वर्षी बेल्जियमचा चोवीस वर्षांचा जॅकी इक्स धावलाच नाही. सगळे पळत असताना तो चालत गेला, शांतपणे पट्टा बांधला आणि सगळ्यांच्या शेवटी निघाला. पहिल्याच फेरीत दुसरा एक चालक अपघातात दगावला. त्याने पट्टा बांधलेला नव्हता. आणि चोवीस तासांनंतर पहिला कोण आला? तोच, शेवटी निघालेला इक्स आणि त्याचा जोडीदार! तेही सुमारे १२० मीटरने, म्हणजे आपल्या लोकलचे सहा डबे धरा. पुढच्या वर्षापासून ती पळापळ बंद झाली, चालक पट्टा बांधून गाडीत बसूनच राहू लागले.

हे सांगून झालं तेव्हा धाकटा बराच वेळ काही बोलला नाही. मीही पुढे काही जोडलं नाही.

आपल्या देशातला करुण चंधोक २०१२ मध्ये तिथे धावला, या शर्यतीत उतरलेला तो पहिला भारतीय. त्याची गाडी सहावी आली. त्याआधी २००९ मध्ये नारायण कार्तिकेयन जाणार होता, पण ऐन वेळी एका भिंतीवरून पडला आणि खांदा निखळला. गाडीत नव्हे, भिंतीवरून!

बायकांचं म्हणाल तर १९३० सालीच ओदेत सिको आणि मार्गरित मारूझ या दोघी तिथे धावून सातव्या आल्या. १९३२ मध्ये सिकोबाई एका जोडीदाराबरोबर चौथ्या आल्या. त्याहून वरचा क्रमांक अजून कुठल्या बाईला मिळालेला नाही. आणि आपल्या पुण्याची डायना पुंडोळे, दोन मुलांची आई, शिक्षिका, २०२४ मध्ये मोटार शर्यतीचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारी पहिली भारतीय बाई ठरली. ती चेन्नईच्या सर्किटवर जिंकली. हे ऐकून आमच्या सासूबाईंनी विचारलं, "मग तिच्या मुलांना कोण बघतं?" मी म्हटलं, "अहो आई, हा प्रश्न चंधोकच्या वडिलांना कोणी विचारला का?" त्या हसल्या, पण उत्तर काही दिलं नाही.

धाकट्याची मोटारसायकल मी विकायला लावलेली नाही. रविवारी तो जातोच. मात्र आता मागे बसणाऱ्यासाठी दुसरं हेल्मेट घ्यायचं ठरलं आहे. ह्यांचं म्हणणं, पुढच्या महिन्यात बघू. मी म्हटलं, याच महिन्यात, माझ्या साडीच्या पैशांतून.

शर्यत साधारण जूनच्या मध्यावर येते, वटपौर्णिमेच्या आगेमागे. तिकडे दुपारी चारला सुरू झाली की आपल्याकडे शनिवारचे साडेसात वाजलेले असतात, आणि रविवारी साडेसातला संपते. मुलगा रात्री बघत बसला तर ओरडू नका, थोडा वेळ शेजारी बसा. दोनच्या सुमाराला पोरांना भूक लागते. रवा भाजून ठेवलेला असला की दहा मिनिटांत उपमा होतो.