लेथचे चाक

आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर अण्णांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. दुकान म्हणजे काचेची एक पेटी, एक स्टूल आणि वीतभर लांबीचा लेथ. अण्णा चौथीपर्यंत शिकले. कॉलेजात गेलेला घरातला पहिला मी. लहानपणी शाळा सुटली की लेथचे चाक हाताने फिरवणे हे माझे काम. चाकावरची दोरी लेथची कप्पी फिरवी. मी चाक फिरवायचो, अण्णा कातायचे. काय कातले जाते हे मी कधी पाहिले नाही. माझे लक्ष रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांकडे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एक निवृत्त शिक्षिका आपल्या दिवंगत यजमानांचे चावीचे एच.एम.टी. घेऊन आल्या. बॅलन्स चाकाच्या आसाचे टोक मोडले होते. एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. तयार आस कुठे मिळेना. तो कातणे हाच उपाय. पण अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते म्हणाले, "आज चाक मी फिरवतो. हत्यार तू धर."

लेथवर पोलादाची तार फिरते, हत्यार हातात स्थिर राहते. तार कॉलेटमध्ये बसते. कॉलेट म्हणजे तोंडाशी तीन चिरा असलेली नळी. मागचा दांडा आवळला की ती निमुळत्या भोकात ओढली जाते आणि तिचे तोंड तारेवर मिटते. तार आधी कडक करून मग निळी होईपर्यंत तापवलेली असते, नाहीतर ती काचेसारखी तुटते. हत्यार टेकूवर ठेवून धार तारेच्या बरोबर मध्यावर धरायची. धार खाली गेली की तार तिच्यावर चढते आणि मोडते. शेवटी टोक उरते मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे, जवळजवळ केसाच्या जाडीचे.

अण्णांना दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. तार किंचाळली की ते चाक थांबवत. "धार गेली. दगडावर लाव."

दोन दिवसांत मी चार आस मोडले. चौथ्याला म्हणालो, "बाईंना सांगू या, होत नाही म्हणून."

"होत नाही असं नाही. तुला होत नाही," अण्णा म्हणाले. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

गणपतीनंतर अण्णांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले. दिवाळीच्या सुट्टीत ते लेथवर बसले. चाक पुन्हा माझ्याकडे आले. पण या वेळी माझी नजर हत्यारावरून हलली नाही. एका दुपारी आस तयार झाला. बाईंनी घड्याळ कानाला लावले आणि बराच वेळ काढले नाही.

त्या गेल्यावर अण्णांनी काडेपेटी उघडली. आत माझे चारही मोडके आस होते. डोळ्याला भिंग लावून त्यांनी एकेक पाहिला.

"तिसरा बरा होता. टोकाशी घाई केलीस."

बारावीला पहिला वर्ग मिळाला तेव्हाही मला इतके बरे वाटले नव्हते. येत्या सुट्टीत पाचवा कातायचा आहे.